ओकिनावाचा किल्ला, अल खोरचं अंगण

किल्ला पडला म्हटलं की आपल्याकडचं माणूस पहिला प्रश्न एकच विचारतं, फितूर कोण झालं? मीही तोच विचारला. तोही एका जपानी बाईला, तिच्याच स्वयंपाकघरात बसून, तिनं वाढलेली कारल्याची भाजी खात खात. ती ओकिनावाची होती आणि तिच्या गावाच्या डोक्यावरच्या पडक्या किल्ल्याची हकीगत मला सांगत होती. माझा प्रश्न ऐकून तिनं गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, "तुमच्याकडे प्रत्येक वेळी कोणीतरी फितूर असतंच का?" मी म्हटलं, असतंच. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

नव्वदचं दशक संपता संपता आम्ही पुण्याहून कतारला आलो. नवरा रास लफानच्या गॅस प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटचा इंजिनिअर. राहायला अल खोरच्या वसाहतीत एक बैठं घर, मागे भिंतीनं वेढलेलं हातरुमालाएवढं अंगण. सकाळी उजाडायच्या सुमारास कंपनीची बस कोपऱ्यावर यायची, नवऱ्याला घेऊन जायची आणि दुपार कलल्यावर परत आणून सोडायची. मी पुण्यात शाळेत इतिहास शिकवायचे. इथं शिकवायला होती फक्त आमची एकुलती एक लेक, आणि तिला शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा धडा इंग्रजीतून ऐकायचा असे. मराठी तिला सगळं समजायचं. उत्तर मात्र इंग्रजीत. मी चिडून म्हणायचे, "आईशी तरी मराठीत बोल," की ती शांतपणे म्हणायची, "ओके."

ओकिनावाची शेजारीण भेटली ती कारल्यांमुळे. तिचा नवरा प्लँटचं वाढीव बांधकाम करणाऱ्या एका जपानी कंपनीत होता. आमच्या दुकानात कारली क्वचित यायची, आणि आली की मी आणि ती एकाच वेळी त्या खोक्यापाशी पोचायचो. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिनं निम्मी माझ्या पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी ती कारली, अंडी आणि टोफू घातलेली भाजी घेऊन दारात उभी. मी तिला आमची गूळ घातलेली भाजी दिली. गुळाचा खडा तिनं जिभेवर ठेवला आणि तिचे डोळेच भरून आले. त्यांच्या बेटावर उसाचा असाच काळपट गूळ करतात म्हणे. इंग्रजी आम्हा दोघींचं बेतास बात. पण इंग्रजीत तू-तुम्ही नसतं हे एक बरं असतं. ती माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असूनही आमची मैत्री एकदम अगं-तुगंवर आली.

त्या वर्षीच्या दिवाळीत लेकीनं आणि मी अंगणात किल्ला केला. वाळू, गोणपाट, पुण्याहून आणलेला गेरू आणि वर पेरलेली मोहरी. शेजारीण भिंतीवरून डोकावली, मग फाटकातून आत आली आणि किल्ल्यासमोर उकिडवी बसली. दिवाळीला मुलं मातीचे किल्ले करतात, महाराजांना वर बसवतात, मावळे उभे करतात, हे मी तिला सांगितलं. तिनं बोटानं तटाची कड चाचपली. मग म्हणाली, "आमच्याकडे याला गुसुकु म्हणतात. माझं घर एका गुसुकुच्या पायथ्याशी आहे." दुसऱ्या दिवशी तिनं फोटो आणला. हिरव्या टेकडीवर पांढुरक्या दगडाच्या भिंती, कुठेही सरळ कोपरा नाही, ओढणी टाकावी तशा वळत गेलेल्या. एकावर एक चढत्या पायऱ्यांसारखी आवारं, आणि माथ्यावरून दोन्ही बाजूंना समुद्र. कात्सुरेन असं त्याचं नाव. आत वाडा नाही, छप्पर नाही, काही नाही. मला वाटलं, जगात दुसऱ्या कुणाकडेही डोंगरावर पडके दगड आहेत आणि त्यांचा असा जीव लावून फोटो जपणारी माणसं आहेत, हे आधी कुणी सांगायला हवं होतं.

इथपर्यंत सगळं मजेत होतं. दोन हजार तीनचा जानेवारी संपता संपता मजा गेली.

आखाताच्या वरच्या टोकाला लढाई होणार हे टीव्हीवर रोज कुणीतरी नकाशापुढे उभं राहून सांगायला लागलं. त्या नकाशावर कतार अंगठ्याएवढं दिसायचं, आणि दोह्यापलीकडच्या वाळवंटात मोठा लष्करी तळ आहे हे आता पुण्यातल्या आमच्या सासूबाईंनाही ठाऊक झालं होतं. त्यांचा फोन रोज यायचा. "पोरीला घे आणि निघून ये. त्याचं तो बघेल. तिथे गॅसच्या टाक्यांशेजारी बसून काय करायचंय?" मी "हो आई, बघते," म्हणायचे. कंपनीनं सांगितलं होतं की ज्यांना कुटुंब पाठवायचं असेल त्यांनी कळवावं, तिकिटं मिळतील. प्लँट चालू ठेवणाऱ्यांना अर्थातच थांबायचं होतं, आणि नवरा त्यातला होता. म्हणजे प्रश्न साधा होता. मी लेकीला घेऊन जायचं, की तिला घेऊन इथंच राहायचं.

नवऱ्याला विचारलं की तो बूट काढत काढत म्हणायचा, "तू ठरव. तू म्हणशील तसं." हे वाक्य ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पडदे कुठले घ्यायचे हे विचारलं तरी त्याचं हेच उत्तर असे, पण पडद्यांवर कुणाचा जीव टांगलेला नव्हता. मी मुळात काळजी करणारी बाई. गॅस बंद केला का हे पाहायला जिन्यावरून परत येणारी.  गेले आणि इथं त्याला काही झालं, तर नवऱ्याला सोडून पळालेली बायको मी. राहिले आणि पोरीला काही झालं, तर मग तर बोलायलाच नको. दोन्हीकडून पुढची हकीगत लोकच सांगणार होते, आणि ती कशी सांगतील हे मला आत्ताच ऐकू येत होतं.

एका शुक्रवारी आम्ही सामानासाठी दोह्याला गेलो. मुशैरिबच्या गल्लीत रत्नागिरीच्या एका चाचांचं किराणा दुकान होतं. खिडक्यांना लावायला चिकटपट्टी मागितली तर ते हसले. "भाबी, टेप खलास. पानी हाय, ते घ्या." मग पिशवी भरता भरता आवाज खाली करून विचारलं, "तुमी जाताव की ऱ्हाताव?" मी म्हटलं, अजून ठरत नाही. "माजी फॅमिली गावालाच हाय," ते म्हणाले, "माजा काय, मी मोकळा. इन्शाल्ला काय व्हनार नाय." पण हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे न बघता लेकीकडे बघितलं. परतीच्या तासाभराच्या रस्त्यात मी आरशातून मागच्या सीटवरच्या लेकीकडेच बघत होते.

कात्सुरेनची सगळी हकीगत मी ऐकली ती याच दिवसांत. दुपारी मी तिच्याकडे जायचे, कारण घरात टीव्ही बंद ठेवणं मला जमत नव्हतं आणि तिच्याकडे तो लावलेलाच नसायचा.

पंधराव्या शतकातली गोष्ट. कात्सुरेनचा जुना सरदार दारूत बुडालेला आणि रयतेला पिळणारा. त्याला हटवून एक साधा माणूस गडाचा धनी झाला. कुणाचा पोर होता ते नक्की माहीत नाही. कोळ्यांना जाळी विणायला यानंच शिकवलं असं गावात सांगतात. त्यानं चीन, कोरिया आणि दक्षिणेकडच्या बंदरांशी व्यापार वाढवला, गडावर कौलारू इमारत उभी केली. त्या काळी त्या बेटांवर कौलं म्हणजे चैन. अजूनही तिथं खणलं की कौलांचे आणि चिनी भांड्यांचे तुकडे निघतात. ती लहानपणी ते गोळा करायची. "शाळेतून येताना खिशात भरून," ती म्हणाली, "आई ओरडायची, खिसे फाटतात म्हणून."

हा माणूस इतका मोठा झाला की राजधानीतल्या राजाला धाकधूक वाटू लागली. त्यानं आपली मुलगी त्याला दिली. शिवाय वाटेवरच्या दुसऱ्या गडावर एक निष्ठावान म्हातारा सरदार नजर ठेवायला बसवला. पुढे कात्सुरेनच्या धन्यानं राजाचे कान भरले, की हा म्हातारा फौज जमवतोय. राजाचं सैन्य त्याच्यावर चालून गेलं. म्हातारा तेव्हा चांदणं बघत बसला होता. राजाच्या झेंड्यावर तलवार उगारायची नाही म्हणून तो लढलाच नाही, तिथंच जीव दिला. आता वाट मोकळी. कात्सुरेनचा धनी राजधानीवर हल्ल्याची तयारी करू लागला. ते त्याच्या बायकोच्या, म्हणजे राजकन्येच्या कानावर गेलं. तिच्या सोबत माहेरून आलेला एक रक्षक होता. तो तिला पाठीवर घेऊन गडावरून निसटला आणि तिच्या बापाकडे पोचला. मग राजाची फौज आली, गड पडला, धनी मारला गेला. फौजेचा सेनापती तोच रक्षक. पुढे राजकन्येचं लग्नही त्याच्याशीच लावून दिलं.

"म्हणजे फितूर कोण झालं, ती?" मी विचारलं. तीच ती दुपार, कारल्याच्या भाजीची. त्यावर ती म्हणाली ते मी वर सांगितलंच. मग पुढे म्हणाली, "राजधानीतले म्हणतात, फितूर तो, तिचा नवरा. राज्य वाचवलं तिनं. पण हे लिहिलं कुणी? जिंकणाऱ्यांनी, दोनेकशे वर्षांनंतर. आमच्या गावात त्याला कुणी वाईट म्हणत नाही. त्याची जुनी स्तुतिगीतं आहेत."

"आणि तिला? तिला गावात काय म्हणतात?"

"तिच्याबद्दल कुणी बोलत नाही," ती म्हणाली आणि उठून चहा टाकला.

मला हे पटेना. इतिहास शिकवणाऱ्या बाईला एवढी मोठी जागा कोरी कशी चालेल? मी घरी येऊन त्याचाच विचार करत राहिले. खरं तर मला त्या राजकन्येचं काही पडलं नव्हतं. नवऱ्याला गडावर ठेवून बाई निघून गेली तर तिला नंतर लोक काय म्हणतात, एवढंच मला कुणाकडून तरी पक्कं ऐकायचं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी लेकीनं हट्ट धरला की आपण कात्सुरेन करू. शाळेत निम्मी मुलं गैरहजर असायची, बाकीची आपापसात कोण कधी जाणार याच्याच गप्पा मारायची. ती घरी येऊन गप्प बसायची. तिचं मन गुंतेल म्हणून मी कबूल झाले. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दिवाळी नाही, काही नाही, किल्ला कसला करताय? बॅगा भरा बॅगा." पण आम्ही केला. वसाहतीच्या कडेला पांढरे चुनखडीचे खडे हवे तेवढे पडलेले असत. ते रचून आम्ही वळणदार भिंती केल्या, आवारं चढत नेली, दोन्ही बाजूंना निळा कागद अंथरला. गेरू या वेळी लागला नाही. अल खोरची फिकट माती कात्सुरेनला अगदी शोभली.

माणसं मात्र आमच्याच, दिवाळीच्या मातीच्या चित्रांच्या डब्यातली. मावळे झाले सरदाराचे शिपाई. महाराजांना लेकीनं डब्यातच ठेवलं, हा गड त्यांचा नाही म्हणून. राजकन्या कोण? डब्यात बाईमाणूस एकच, डोक्यावर मडकं घेतलेली गवळण. तिला राजकन्या केलं. मी शिकवल्याप्रमाणे लेकीनं तिला मागच्या दरवाजाबाहेर, पळून जाण्याच्या वाटेवर उभी केली. तोंड राजधानीकडे.

शेजारणीला बोलावलं. तिनं आधी भिंती पाहिल्या, एका वळणावरचा खडा काढून नीट बसवला. मग तिची नजर गवळणीवर गेली. "ही कोण?" लेकीनं तिला इंग्रजीत सगळं समजावलं, ही राजकन्या, ही फितूर, ही पळतेय. शेजारीण हसली नाही. तिनं गवळण उचलली आणि सगळ्यात वरच्या आवारात नेऊन ठेवली. तिथं एक पूजेची जागा असते, बायकाच तिथं प्रार्थना करतात, असं तिनं आधी सांगितलं होतं. "ती इतकी वर्षं इथं राहिली," ती म्हणाली. "जेवली, झोपली, समुद्राकडे बघितलं. सगळे फक्त ती एक रात्र सांगतात. आणि त्या रात्रीसुद्धा ती चालली नव्हती. दुसऱ्यानं पाठीवर घेतली होती. तिला जायचं होतं का, हे कुणी लिहिलंय?"

  आणि मग, का कोण जाणे, मी तिला सरळच विचारलं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? गेली असतीस की राहिली असतीस?

ती अंगणातल्या पायरीवर बसली. मी तिच्याशेजारी बसले. लेक निळ्या कागदाच्या कडांवर खडे ठेवत होती.

"माझ्या आजीला दोन मुली," ती म्हणाली. "दुसऱ्या महायुद्धात बेटावर लढाई येणार असं दिसायला लागलं, तेव्हा सरकारनं शाळेतल्या मुलांना बोटींनी दूर पाठवायला सुरुवात केली. आजीला ठरवता येईना. शेवटी तिनं थोरलीला पाठवलं आणि धाकटीला जवळ ठेवलं. तिला वाटलं, दोघींना एकाच जागी ठेवलं तर दोघी जातील." तिनं हात चोळले. "थोरलीची बोट पोचली नाही. मागे राहिलेल्या धाकटीनं गुहेत दिवस काढले, उपाशी राहिली, डोळ्यांदेखत माणसं मेलेली पाहिली, पण वाचली. ती माझी आई. आजी पुष्कळ वर्षं जगली. कुणीही तिला कधी म्हणालं नाही, की तू बरोबर केलंस की चूक केलंस. माझ्या आईनंसुद्धा नाही."

"म्हणजे मी राहावं?" मी विचारलं. आता हे आठवलं की माझं मलाच नवल वाटतं, की एवढं ऐकूनही मला त्यातून स्वतःपुरतं उत्तर काढायचं होतं.

"असं मी म्हटलं नाही," ती म्हणाली. "आमच्या शेजारच्या घरातली मुलं आधीच्या बोटीनं गेली. ती पोचली. जे मागे राहिले ते कुणी उरले नाहीत." मग उठून तिनं कपडे झटकले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली. लेक खाली मान घालून खडे लावतच होती. मला वाटलं, तिचं आमच्याकडे लक्ष नाही.

चार-पाच दिवसांनी सकाळी शेजारीण दारात आली ती बाहेर जायच्या कपड्यांत. मागे गाडी उभी, डिकीत एक बॅग. तिच्या नवऱ्याच्या कंपनीचा निरोप आला होता. सगळ्या बायका-मुलांनी निघायचं. आज. हो-नाही विचारण्याचा प्रश्नच नव्हता. "मला वाटलं होतं मी थांबेन," ती म्हणाली. "मी तर तयारीही केली होती थांबायची. पण बघ, कुणी विचारलंच नाही." गंमत केल्यासारखं ती म्हणाली. मी धावत आत गेले. सवाष्ण निघाली की ओटी भरायची, एवढंच मला सुचलं. घरात खण नव्हता, नवीन टॉवेल होता. त्यात तांदूळ, नारळ नव्हता म्हणून एक कारलं आणि गुळाचा मोठा खडा. तिनं शर्टाचा घोळ पुढे केला, का ते न विचारता. मी तिला हळदकुंकू लावलं. ड्रायव्हर म्हणाला, "यल्ला मॅडम," आणि ती गेली.

त्या दुपारी मी खिडकीत उभी राहून बसची वाट पाहत होते. नवरा आला, दारात बसून बूट काढायला लागला. मी त्याला ते काढूच दिले नाहीत. समोर खाली बसले आणि म्हटलं, "आज तू 'तू ठरव' म्हणायचं नाही. मी गेलं पाहिजे की राहिलं पाहिजे ते मी विचारतच नाही. तुला काय हवंय ते सांग. खरं सांग."

तो एका पायातल्या बुटाची नाडी सोडलेली तशीच धरून बसला. मग म्हणाला, "तुम्ही गेलात तर मला झोप लागेल."

 म्हणजे जायचं तर.

"पण घरी यावंसं वाटणार नाही," तो म्हणाला. "हे मी इतके दिवस बोललो नाही, कारण असं बोलून तुम्हाला अडकवून ठेवायचं मला पाप वाटतं. तू विचारलंस म्हणून सांगितलं. आता तू मला विसर आणि पोरीचं बघ." आणि हा माणूस, ज्यानं आमच्या लग्नातसुद्धा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, तो तोंड फिरवून नाक पुसायला लागला. मी त्याच्यावर भयंकर चिडले होते. इतके दिवस हे पोटात ठेवून माझ्या जिवाशी खेळ का केला म्हणून. चिडूनच त्याचे दोन्ही बूट मी काढले.

आम्ही राहिलो. सासूबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "तुझी तू शहाणी आहेस," आणि फोन ठेवला. त्या म्हणण्यातलं सगळं मला कळलं. घरातली मधली खोली आम्ही तयार केली. तिला खिडकी एकच होती, तिच्यावर प्लास्टिक ठोकलं. पाण्याचे कॅन, बिस्किटं, टॉर्च, लेकीची पुस्तकं. रोज सकाळी बस नवऱ्याला घेऊन जायची आणि तो परत दारात दिसेपर्यंत मी दर तासाला खिडकीशी जायचे. लढाई सुरू झाली त्या सकाळीही बस आली. मी त्याला म्हटलं, आज एक दिवस जाऊ नकोस. तो गेला.

कतारवर काही पडलं नाही. आठवडे गेले, टीव्हीवरचा नकाशा उत्तरेकडे सरकत गेला आणि माणसं परतू लागली. शेजारीण परतली नाही. तिच्या नवऱ्याचं काम संपून तोही निघून गेला होता, आणि त्यांच्या घरात दुसरं कुटुंब आलं होतं. सासूबाई आता फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "माझी सून धीराची, नवऱ्याला सोडून आली नाही." मुशैरिबच्या चाचांनी मला खजूर फुकट दिले. वसाहतीतल्या बायका, ज्या गेल्या होत्या त्या, माझ्याशी जरा अपराधी असल्यासारख्या बोलायच्या. मला त्याची लाज वाटायची. मी धीराची नव्हते. जायची भीती राहायच्या भीतीपेक्षा थोडी मोठी निघाली, एवढंच झालं होतं. रास लफानवर एखादी गोष्ट येऊन आदळली असती, तर याच माणसांनी याच तोंडांनी दुसरं काही सांगितलं असतं. पण हे कुणाला सांगणार? स्तुती होत असताना मध्ये बोलणारी मी कोण?

शाळा पुन्हा भरू लागली होती. एका सकाळी लेकीला सोडायला चालत निघाले. हवा तापायला लागली होती, दप्तर माझ्या खांद्यावर होतं. ती रस्त्यातला एक खडा बुटानं पुढे ढकलत चालली होती. मग तिच्या नेहमीच्या शांत इंग्रजीत तिनं विचारलं, "आई, मला एक बहीण असती, तर तू आमच्यातल्या कुणाला पाठवलं असतंस?"

पायरीवर बसून बोललेलं सगळं तिनं ऐकलं होतं. ऐकून इतके आठवडे ती माझ्याशेजारी झोपली होती, मधल्या खोलीत, प्लास्टिक लावलेल्या खिडकीखाली, आणि तिनं अवाक्षर काढलं नव्हतं.

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "दोघींनाही जवळ ठेवलं असतं." माझा आवाज मलाच फार मोठा वाटला.

तिनं माझ्या खांद्यावरून दप्तर घेतलं, पट्ट्यांतून हात घातले आणि थोडा विचार केला.

"त्या आजीपण आधी असंच म्हणाल्या असतील," ती म्हणाली, आणि शाळेच्या फाटकातून आत गेली.